मध्यस्थ आणि जामीन : सखारामबापू बोकिलांच्या मुत्सद्देगिरीचा विचार

पेशवाईच्या उत्तरार्धातील 'साडेतीन शहाण्यां'ची नावे महाराष्ट्रात आजही सांगितली जातात. सखाराम भगवंत बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर हे तीन पुरे शहाणे, आणि नाना फडणवीस हा अर्धा. नानांच्या वाट्याला अर्धेपण आले ते त्यांच्या अंगी तलवारीचा गुण नव्हता म्हणून, असे स्पष्टीकरण दिले जाते. लेखणी आणि तलवार ह्या दोहोंत ज्याची गती तो पूर्ण शहाणा, अशी ही लोकांची मोजपट्टी आहे. ती वरवर पाहता वाजवी वाटते. परंतु वाटाघाटी हा ज्याचा जन्माचा व्यवसाय झाला अशा पुरुषाची योग्यता ठरविण्यास ती कितपत उपयोगी पडते, हा प्रश्न शिल्लक राहतो. तह घडवून आणणे ही एक विद्या आहे आणि घडलेला तह टिकविणे ही दुसरी. पहिलीसाठी बुद्धी पुरते. दुसरीसाठी जामीन लागतो. सखारामबापूंच्या सुमारे तीस वर्षांच्या कारकिर्दीकडे ह्या दृष्टीने पाहिले, म्हणजे लोकांनी त्यांना दिलेला पूर्ण शहाण्याचा मान आणि इतिहासाने त्यांच्या पदरी टाकलेला तुरुंगातील मृत्यू ह्या दोहोंचा मेळ लागू शकतो.

१

बोकिलांचे घराणे सासवडजवळच्या हिवऱ्याचे. १६५९ साली अफझलखानाच्या प्रसंगी शिवाजीमहाराजांच्या वतीने बोलणी करण्यास गेलेले पंताजी गोपीनाथ ह्याच घराण्यातले, असे सांगतात. म्हणजे वकिली हा ह्या कुळाचा जुना व्यवसाय होता. सासवडच्या पुरंदऱ्यांच्या आश्रयाने बापू पुढे आले, आणि नानासाहेब पेशव्यांच्या काळात राघोबादादांच्या उत्तरेकडील स्वाऱ्यांत त्यांचे कारभारी म्हणून नावारूपास चढले. त्या स्वाऱ्यांत लढाईइतकीच बोलणी महत्त्वाची होती. जाट, रजपूत, रोहिले, दिल्लीचा वजीर ह्या प्रत्येकाशी निराळ्या भाषेत बोलावे लागे, आणि आजचा शत्रू उद्या मित्र होऊ शकतो हे ध्यानात ठेवूनच पत्राचा मसुदा करावा लागे. अशा शाळेत तयार झालेल्या मुत्सद्द्याच्या अंगी एक सवय मुरते. कोणाशीही पुरते तोडायचे नाही, आणि कोणाच्याही हाती पुरते सापडायचे नाही. परदरबारी ही सवय गुणाची ठरते. स्वतःच्या दरबारात तीच सवय कोणते रूप घेते, हे पाहण्यास १७६२ सालचा आलेगावचा प्रसंग घ्यावा.

२

पानिपतानंतर नानासाहेब वारले आणि जुलै १७६१ मध्ये माधवरावांना सातारा येथे पेशवाईची वस्त्रे मिळाली. तेव्हा त्यांचे वय अवघे सोळा वर्षांचे होते. कारभार राघोबादादांच्या हाती राहणार हे सर्वांनी गृहीत धरले होते. खुद्द माधवरावांनी मात्र ते गृहीत धरले नाही. वर्षभरात चुलत्या-पुतण्याचे बिनसले, दादा पुण्याबाहेर पडले आणि त्यांनी फौज जमविली. ह्या घरच्या भांडणात त्यांनी मोगलाची, म्हणजे निजामाची, मदत घेतली. नोव्हेंबर १७६२ मध्ये दोन्ही फौजा घोडनदीवर समोरासमोर आल्या.

आजच्या शिरूर आणि दौंड तालुक्यांचा हा मुलूख सपाट आहे. उत्तरेस घोड आणि दक्षिणेस भीमा ह्या दोन नद्यांशिवाय तेथे फौजेला अडविणारे विशेष काही नाही. पुण्याकडे जाणारी आणि पुण्याकडून येणारी फौज येथूनच जायची. ७ नोव्हेंबरला घोडनदीवर झालेल्या झुंजीत निर्णय लागला नाही. चुलत्याशी लढणे माधवरावांच्या जिवावर आले होते. बोलणी सुरू झाली आणि त्यांनी फौज मागे घेतली. बोलणी चालू आहेत ह्या विश्वासावर त्यांचा तळ सैल पडला असता दादांच्या फौजेने अचानक हल्ला केला, आणि १२ नोव्हेंबरला आलेगावजवळ माधवरावांचा मोड झाला.

ह्यानंतर घडले ते मराठ्यांच्या इतिहासात विरळा आहे. माधवरावांनी पळ काढला नाही, मिरजेकडे किंवा साताऱ्याकडे जाऊन नवी फौज उभी केली नाही. ते आपण होऊन चुलत्याच्या छावणीत गेले. राज्याचे दोन तुकडे होऊ नयेत म्हणून त्या तरुण पेशव्याने हा निश्चय केला, अशी नोंद ग्रँट डफने केली आहे, आणि त्याच्या लेखणीतून एरवी सहसा न उमटणारा आदर येथे उमटलेला आहे. वाटाघाटीच्या शास्त्राच्या दृष्टीने ह्या कृतीचा अर्थ असा, की दुसऱ्या पक्षाने शब्द मोडल्यानंतरही माधवरावांनी भांडणाचा विषय बदलून टाकला. दादांची मागणी कारभाराची होती. ती त्यांनी मान्य केली. दोघांचे हित मात्र दौलत अखंड राहण्यात होते. ते त्यांनी राखले. मागणी आणि हित ह्यांतील हा भेद अमेरिकेतील हार्वर्डचे रॉजर फिशर आणि त्यांचे सहकारी विल्यम युरी यांनी १९८१ साली आपल्या वाटाघाटीवरील ग्रंथात पायाभूत म्हणून मांडला. आलेगावच्या छावणीत तो सूत्ररूपाने कोणी सांगितला नव्हता; तो आचरणात आला होता.

परंतु तहाची खरी परीक्षा सहीच्या दिवशी होत नाही. ती तहानंतरच्या वाटणीत होते. सत्ता दादांच्या हाती येताच सखारामबापू आणि नीळकंठराव पुरंदरे हे मुख्य कारभारी झाले. ग्रँट डफच्या सांगण्याप्रमाणे बापूंना जहागीर मिळाली आणि पुरंदऱ्यांना पुरंदरचा किल्ला. भवानराव प्रतिनिधींचे पद काढून घेण्यात आले. माधवरावांच्या बाजूस राहिलेल्या गोपाळराव पटवर्धनांवर स्वारी होऊन त्यांची मिरज घेण्यात आली. निजामाला मदतीचे मोल म्हणून मोठा मुलूख कबूल केला होता, तो पुरता देण्यात आला नाही. म्हणजे जो हरला त्याला दुखविले, आणि ज्याच्या मदतीने जिंकले त्यालाही असंतुष्ट ठेवले. कारभाराची सूत्रे ज्याच्या बुद्धीने हालत होती त्या पुरुषाकडून ही चूक व्हावी, हे विशेष आहे.

त्याचे फळ सहा महिन्यांत दिसले. दुखावलेले गोपाळराव निजामाला मिळाले. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर याने जानोजी भोसल्यांना फोडले; त्यांचे सल्लागार देवाजीपंत. १७६३ च्या उन्हाळ्यात निजामाच्या फौजेने पुणे लुटले आणि जाळले. लोकांनी ज्यांना पूर्ण शहाणे म्हटले ते तिघेही ह्या एका वर्षात तीन पक्षांचे सूत्रधार होते, आणि तिघांच्या शहाणपणाची बेरीज पुण्याच्या राखेत दिसत होती, ही गोष्ट त्या लोकोक्तीचा विचार करताना विसरता येत नाही. पुढे भोसले आतून वळविण्यात आले, आणि १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवन येथे निजामाचा पराभव होऊन विठ्ठल सुंदर मारला गेला. त्या रणात माधवरावांचे कर्तृत्व सर्वांच्या नजरेस आले. त्यानंतर मिरज पटवर्धनांकडे परत गेली आणि प्रतिनिधिपद भवानरावांना परत मिळाले. आलेगावच्या तहातील जो भाग सुडाचा होता तो असा वर्षाच्या आत पुसला गेला. जो भाग माधवरावांच्या त्यागाचा होता तो मात्र टिकला. दौलत दुभंगली नाही.

३

येथपर्यंतचे चित्र बापूंना प्रतिकूल आहे. पण ते चित्र कोणाच्या दप्तरातून आले, हेही तपासले पाहिजे. ह्या काळातील घडामोडींचे सर्वांत जिवंत साधन म्हणजे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन दप्तरातून निवडून छापलेला 'ऐतिहासिक लेखसंग्रह'. त्या पत्रांचे मोल वादातीत आहे. छावणीतील बातमी, अफवा, संशय आणि रोजचे व्यवहार त्यांत ताजेपणाने भेटतात. परंतु आलेगावनंतर सर्वांत अधिक नुकसान सोसले ते ह्याच पटवर्धनांनी. ज्या घरावर जप्ती आली त्या घरच्या पत्रांतून जप्ती आणणाऱ्या कारभाऱ्याचे गुण शोधणे म्हणजे फिर्यादीच्या तोंडून आरोपीची वाखाणणी ऐकण्याची अपेक्षा करणे होय. बापूंच्या बाजूने बोलणारे तेवढे मोठे आणि तेवढे सलग दप्तर अभ्यासकांच्या हाती नाही. जो मध्यस्थ दोन्हीकडे बोलतो त्याच्याविषयी दोन्हीकडे संशयाचीच पत्रे लिहिली जातात. विश्वासाची गोष्ट कागदावर सहसा उतरत नाही.

ललित वाङ्मयानेही ही एकांगिता वाढविलीच आहे. रणजित देसाई यांच्या १९६२ सालच्या 'स्वामी' ह्या कादंबरीचा केंद्रबिंदू माधवराव आहेत, आणि कादंबरीच्या न्यायाने ते योग्यही आहे. परंतु नायकाचे तेज वाढले की त्याच्याभोवतीच्या कारभाऱ्यांची सावली लांबते. मराठी मनाने त्या काळातील बाणेदारपणासाठी रामशास्त्री निवडले, कर्तबगारीसाठी माधवराव आणि धूर्तपणासाठी नाना. बापूंसाठी वेगळा रकाना उरला नाही; ते एका लोकोक्तीत राहिले.

ही उणीव ध्यानात घेऊन एक गोष्ट बापूंच्या बाजूने मांडली पाहिजे. राक्षसभुवनानंतर माधवरावांची सत्ता निर्विवाद झाली, तरी त्यांनी बापूंना दूर फेकले नाही. दादांशी वारंवार तंटे झाले, १७६८ मध्ये धोडपला लढाई होऊन दादा कैद झाले, तरी बापूंचा दरबारातील उपयोग संपला नाही. १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला माधवराव वारले आणि नारायणराव पेशवे झाले, तेव्हा कारभारात पुन्हा बापूच अग्रभागी होते. ज्याच्यावर पूर्ण विश्वास नाही आणि ज्याच्यावाचून चालतही नाही, असे हे स्थान. माधवरावांसारख्या कठोर परीक्षकाने दहा वर्षे हे स्थान त्यांच्याकडे राहू दिले. बापूंपाशी दादांच्या पक्षाची किल्ली होती, आणि ती किल्ली मोडण्यापेक्षा हाताशी ठेवणे माधवरावांना श्रेयस्कर वाटले असावे, एवढे अनुमान करण्यास हरकत नाही.

४

ऑगस्ट १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला. दादा पेशवे झाले, आणि बापू प्रथम त्यांच्याबरोबरच राहिले. परंतु दादा स्वारीवर निघाल्यावर एकेक कारभारी काहीतरी निमित्त सांगून छावणीतून परतला, आणि पुण्यास बारभाईंचे कारस्थान उभे राहिले. त्याचे शीर्षस्थान बापूंकडे होते. नारायणरावांची गर्भवती विधवा गंगाबाई हिला पुरंदरावर सुरक्षित ठेवण्यात आले. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला. चाळीस दिवसांच्या बालकाच्या नावाने वस्त्रे आणून राज्य चालविणे हा प्रयोग यशस्वी व्हायचा, तर परस्परांचा द्वेष करणारी अनेक घराणी एकत्र ठेवणे भाग होते. दादांचा सर्वांत जुना सल्लागार दादांच्या विरुद्ध उभा राहिला ह्या एका गोष्टीने ते काम निम्मे झाले. बापूंच्या कारकिर्दीतील हा उत्कर्षबिंदू होय. येथे त्यांची दोन्ही तीरांना पाय लावून उभे राहण्याची सवय राज्याच्या उपयोगी पडली.

दादा इंग्रजांकडे गेले आणि मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. घरचे भांडण आता परराष्ट्राचे झाले. मुंबईकरांनी केलेला हा तह कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलाने नापसंत केला आणि कर्नल अप्टन यास पुरंदरास पाठविले. दोन महिन्यांच्या घासाघिशीनंतर १ मार्च १७७६ रोजी तह झाला. त्यावर बाळाजी पेशव्यांच्या काळापासून चालत आलेल्या राजकारणातील बापूंचे आणि त्यांच्याहून पुष्कळ तरुण अशा नानांचे, अशी दोघा कारभाऱ्यांची नावे आहेत. साष्टी इंग्रजांकडे राहिली, त्यांना खर्चाबद्दल बारा लक्ष रुपये द्यावयाचे ठरले. उलट इंग्रजांनी दादांचा पक्ष सोडावा, आणि दादांनी फौज मोडून दरमहा पंचवीस हजार रुपये घेऊन गोदावरीकाठी कोपरगाव येथे राहावे, असे ठरले.

हा तह कागदावर वाईट नव्हता. एक बेट आणि काही द्रव्य गमावून बारभाईंनी आपली सत्ता कायदेशीर म्हणून मान्य करून घेतली आणि प्रतिपक्षाचे मूळ कारण, म्हणजे दादांचा आश्रय, ह्यावरच बोट ठेवले. दोष तहाच्या कलमांत नव्हता. तो तहाच्या तारणात होता. सही कलकत्त्याची होती, आणि दादा होते मुंबईकरांच्या हाती. मुंबईकरांनी त्यांना सोडले नाही, आणि सोडण्यास भाग पाडील असा तिसरा कोणी तहात नव्हता. आलेगावच्या वेळी चालू असलेल्या बोलण्यांचा भंग झाला, त्याचेही कारण हेच होते. भाक दोघांनी द्यायची, पण भाक मोडणाऱ्यास जाब विचारणारा जामीन कोणी नाही. चौदा वर्षांत प्रतिपक्ष पुतण्याऐवजी इंग्रज झाला. उणीव तीच राहिली.

५

पुरंदरच्या तहाला शेवटचा धक्का ज्याने दिला त्यात खुद्द बापूंचा हात होता, ही त्यांच्या चरित्रातील शोकांतिका आहे. नानांचे वर्चस्व वाढत गेले तसे बापू अस्वस्थ झाले. १७७८ मध्ये नानांचे चुलतभाऊ मोरोबा यांनी बंड केले, आणि दादांना परत आणण्याच्या त्या खटपटीत बापूंचेही अंग होते. तह करणारा प्रमुख कारभारीच दादांना बोलावीत असेल, तर आम्ही तह मोडला असे कसे होते, असा युक्तिवाद मुंबईकरांना मिळाला. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांची फौज वडगावला शरण आली, आणि त्यानंतर बापूंचे हे संधान उघड होऊन ते कैदेत पडले. सिंहगड, प्रतापगड आणि शेवटी रायगड असा त्यांचा प्रवास झाला. १७८१ साली रायगडावर ते वारले.

ग्रँट डफने ह्या अंताचे वर्णन विशेष भावनेने केले आहे. प्रतापगडावरून बापूंना ती जागा दिसत असेल, जेथे एकशेवीस वर्षांपूर्वी त्यांच्याच पूर्वजाने आपल्या धन्याचा घात केला, असा त्याचा आशय आहे. वाक्य परिणामकारक आहे. इतिहास मात्र चुकीचा आहे. पंताजी गोपीनाथ हे अफझलखानाचे वकील होते असे डफ धरून चालतो. सभासदाच्या बखरीप्रमाणे खानाचा वकील कृष्णाजी भास्कर, आणि पंताजी हे महाराजांचे. म्हणजे पंताजींनी धन्याचा घात केला नाही. धन्याचे काम केले. ही चूक दुरुस्त केली की डफने जुळविलेले साम्य नाहीसे होते आणि त्याच्या जागी एक खरा विरोध उभा राहतो. पंताजींना एकच धनी होता, आणि त्या धन्यापाशी दिलेला शब्द आणि उगारलेला हात दोन्ही होते. बापूंना एकामागून एक धनी झाले, आणि बहुधा एका वेळी दोन. पूर्वजाची वकिली यशस्वी झाली ती त्याच्या चातुर्याने जितकी, तितकीच त्याच्या मागे उभ्या असलेल्या निश्चयाने.

६

बापू वारल्यानंतर वर्षाच्या आत, १७ मे १७८२ रोजी, महादजी शिंदे यांनी इंग्रजांच्या वतीने आलेल्या डेव्हिड अँडरसनशी ग्वाल्हेरजवळ सालबाई येथे तह केला. त्याची कलमे पुरंदरच्या तहाशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. साष्टी इंग्रजांकडेच राहिली. दादांना दरमहा पंचवीस हजार रुपयेच मिळावयाचे ठरले. सहा वर्षांच्या लढाईनंतर गोष्ट पुष्कळ अंशी पुरंदरच्याच कलमांवर येऊन थांबली. फरक एवढाच, की ह्या वेळी महादजी दोन्ही पक्षांचे जामीन झाले, आणि त्यांच्यापाशी जामीनकी निभावण्यास फौज होती. दादा इंग्रजांचा आश्रय सोडून परत आले, कोपरगावला राहिले आणि १७८३ च्या अखेरीस वारले. पेशवे आणि इंग्रज ह्यांच्यातील शांतता पुढे सुमारे वीस वर्षे टिकली. पुरंदरच्या कागदावर बापू आणि नाना यांनी लिहविलेले कोपरगावचे कलम असे दुसऱ्याच्या तारणावर खरे झाले.

ह्यावरून बापूंच्या योग्यतेविषयी जो निर्णय निघतो तो लोकोक्तीपेक्षा निराळा आणि डफपेक्षा सौम्य आहे. तंट्याचे मर्म कोठे आहे आणि ते कोणत्या अटीवर मिटू शकेल, हे ओळखण्याची त्यांची दृष्टी अचूक होती. सालबाईने ती खरी ठरविली. बारभाईंची जूट त्यांच्यावाचून उभी राहिली नसती. परंतु त्यांनी आपली सर्व भिस्त आपल्या मध्यस्थपणावर ठेवली, आणि मध्यस्थाचे मोल तंटा जिवंत असेपर्यंतच असते. तंटा पुरता मिटला की मध्यस्थ बाजूला पडतो. ज्याचे महत्त्व दोन पक्षांच्या वैरावर अवलंबून आहे त्याच्या हातून त्या वैराचा शेवटचा धागा तुटणे कठीण असते. आलेगावनंतरच्या जहागिरीत आणि १७७८ च्या पत्रव्यवहारात हीच अडचण दिसते. तिला स्वभावाचा दुष्टपणा म्हणण्यापेक्षा व्यवसायाचा दोष म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. दोन राष्ट्रांच्या भांडणात पडणाऱ्या आजच्या मध्यस्थालाही हाच प्रश्न विचारावा लागतो, की तह झाल्यावर त्याचे काय उरणार, आणि तह मोडल्यास कोणाला भरावे लागणार.

घोड आणि भीमा ह्यांच्यामधल्या त्या मैदानात नोव्हेंबर १७६२ मध्ये ह्या प्रश्नाचे एक उत्तर मिळाले होते. ते पूर्ण शहाण्यांपैकी कोणाकडून आले नाही. सतरा वर्षांच्या पराभूत पेशव्याकडून आले. शब्द मोडणाऱ्याच्या छावणीत जाताना माधवरावांपाशी फौज उरली नव्हती आणि मध्यस्थही नव्हता. त्यांनी स्वतःलाच जामीन ठेवले. त्या तहातील टिकलेला भाग तेवढाच होता.